चार बोटं खाली

मित्रांनो, औंढा नागनाथच्या बाजाराकडे जाताना पुढून बसकी आणि मागून ताठ अशी एक निळी पिकअप तुम्हाला दिसली, तर तिचं चाक पंक्चर झालंय असं समजू नका. ती मीच आहे. मी मेंढरांची एक जुनी गाडी आहे. माझ्या वयाच्या बहुतेक गाड्या केव्हाच भंगारात गेल्या. मी मात्र अजून चालते, आणि तीही ऐटीत. माझी पुढची बाजू अशी खाली कशी आली, तेच मला तुम्हाला सांगायचं आहे.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तेव्हा आमच्यासारख्या गाड्या मुद्दाम उंच बनवत असत, कारण आम्हाला खड्ड्यांतून, नाल्यांतून आणि नांगरलेल्या रानातून जायचं असे. माझ्या पुढच्या चाकांवर पोलादी पाट्यांच्या दोन कमानी बसवल्या होत्या. धनुष्यासारखे वाकवलेले पाटे एकावर एक रचलेले. खड्डा आला की कमान दबायची आणि पुन्हा वर यायची. त्या कमानींमुळेच माझं नाक वर असे, आणि मला त्याचा फार अभिमान होता. रस्त्याने जाताना छोट्या मोटारींचे टप मला वरून दिसत. त्यांची मला कीव यायची.

मला संतरामांनी घेतलं. औंढ्याजवळच्या एका वस्तीवर त्यांचं घर. मेंढरं पाळायची, थोडी शेती करायची, असं त्यांचं चाललेलं. मी वस्तीवर आले त्या दिवशी त्यांच्या पत्नी मनकर्णाबाई ताट घेऊन मला ओवाळायला आल्या. त्या इतक्या ठेंगण्या, की त्यांचा हात माझ्या काचेपर्यंत पोचेना. शेवटी त्यांनी माझ्या दोन दिव्यांच्या मध्ये कुंकू लावलं आणि म्हणाल्या, "लईच उंच हाय बया! हिच्यात बसायचं म्हंजी झाडावर चढायचं!"

पण त्या चढल्या. एका हाताने दाराची कडी, दुसऱ्या हाताने लुगड्याचा घोळ धरून त्या झपकन वर आल्या आणि खिडकीजवळची जागा त्यांनी कायमची आपली करून टाकली.

मित्रांनो, ती वर्षं माझ्या आयुष्यातली भरभराटीची होती. हळदीच्या हंगामात माझा हौदा पोत्यांनी भरायचा आणि पुढे कित्येक दिवस पिवळा राहायचा. उन्हाळ्यात कळप चाऱ्यासाठी दूर निघाला की भांडीकुंडी, अंथरुणं आणि नुकतीच जन्मलेली कोकरं माझ्याकडे असायची. बाजाराच्या दिवशी मनकर्णाबाई माझ्यातून उतरल्या की व्यापारी आपसांत कुजबुजायचे, "आली बाई. आता घासाघीस जपून करा." संतराम मुळातच गरीब स्वभावाचे. कुणी दोन गोड शब्द बोललं की ते लगेच मान डोलवायचे. सौदा करायच्या त्या बाईच. परतताना त्या खिडकीत कोपर टेकून बसायच्या आणि रस्त्याने दिसेल त्या ओळखीच्या माणसाला हाक मारायच्या. त्यांच्या आवाजापुढे माझा भोंगा कुणाला ऐकू येत नसे.

मग एका पावसाळ्यात मेंढरांच्या वाड्यात चिखलावरून मनकर्णाबाईंचा पाय घसरला आणि त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. नांदेडला ऑपरेशन झालं. हळूहळू त्या काठी घेऊन चालू लागल्या, पण पाय उंच उचलायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं. आणि माझं दार तर उंचच होतं.

त्यानंतर नात्यातलं एक लग्न आलं. मनकर्णाबाईंना कसं बसवायचं, याची चर्चा झाली आणि शेवटी चौघांनी मिळून त्यांना उचललं. एकाने खांदे धरले, एकाने पाय. "हळू, हळू, डोकं सांभाळा!" असा गलका झाला. बघणाऱ्यांपैकी कुणीतरी हसून म्हणालं, "पोतं चढवल्यावानी चढवून राहिले की!"

मनकर्णाबाई लग्नात कुणाशी बोलल्या नाहीत. घरी परत आल्यावर त्यांनी सांगून टाकलं, "म्या काय हळदीचं पोतं हाय? आजपासून कुणी मला उचलायचं न्हाई. माजं मला बसता येईल तवाच म्या गाडीत बशीन."

आणि त्या खरंच बसल्या नाहीत. बाजार गेले, जत्रा गेली, दसरा-दिवाळी गेली. घरच्यांनी माझ्या दारापाशी स्टूल ठेवून पाहिलं. ते मातीत डुगडुगलं आणि बाई घाबरल्या. दाराखाली लोखंडी पायरी लावून पाहिली. तिच्यावर चढायला पुन्हा तोच दुखरा पाय उचलावा लागे. दिवसभर त्या घराच्या ओट्यावर बसून राहत. त्यांचा आवाज बारीक झाला. बाजारातून आल्यावर संतराम सौद्याची हकीकत सांगायचे, तर त्या नुसतं "बरं" म्हणायच्या. एवढं मोठं घर एका "बरं"मध्ये कसं गप्प होतं, ते मी अंगणातून पाहत होते.

अशातच पुसेगावहून निरोप आला. त्यांची मुलगी अंजली हिला दुसरी मुलगी झाली होती आणि बारसं सासरीच करायचं ठरलं होतं. मनकर्णाबाईंनी आपल्याच मेंढरांच्या लोकरीची एक लहानशी घोंगडी विणून घेतली होती. नातीला पहिल्यांदा तिच्यावर आपणच ठेवायचं, असं त्यांच्या मनात होतं. पण निरोप ऐकून त्यांनी घोंगडी सुनेच्या हातात दिली. "पुनम, तूच घेऊन जा गं. लेकराला सांग, आजीनं धाडली म्हणून."

त्या दिवशी त्यांचा मुलगा विजयकुमार माझ्या बॉनेटवर हात ठेवून वडिलांना म्हणाला, "आबा, ही गाडी इकून टाकू. एखादी बसकी मोटार घेऊ. मायला बसता तरी येईल."

"आन् मेंढरं काय मोटारीत बसवायची?" संतरामांनी विचारलं.

"मेंढरांसाठी भाड्याची गाडी सांगू. मी एका गिऱ्हाइकाला बोललोय. तो येऊन राहिला बघाया."

मित्रांनो, मला फार वाईट वाटलं. पण विजयकुमारचा राग आला नाही. तो आईसाठीच बोलत होता. राग आला तो माझ्या उंचीचा. ज्या उंचीचा मी इतका तोरा मिरवला, तिनेच बाईंना ओट्यावर बसवून ठेवलं होतं.

पुनम तिथेच दळण निवडत होती. ती सासूकडे बघत होती. मनकर्णाबाई अंगणातून काठी टेकत आल्या, ओट्याकडे पाठ केली, मागे टेकून बसल्या, आणि मग वळून एकेक पाय हाताने उचलून वर घेतला. कुणाचीही मदत न घेता. पुनम उठली. तिने मेंढरं हाकायची काठी ओट्याला लावली आणि खडूने खूण केली. तीच काठी आणून तिने माझ्या सीटला लावली आणि दुसरी खूण केली.

"आवं, हिकडं या," तिने नवऱ्याला हाक मारली. "आत्या ओट्यावर कशा बसतात, बघितलं का कदी? त्या चढत न्हाईत. आदी टेकतात, मंग पाय घेतात. गाडीची सीट ओट्याएवढी झाली तर त्या आपल्या आपण बसतील."

विजयकुमारने काठी पाहिली. दोन खुणांमध्ये पाच बोटांचं अंतर होतं. "सीट कशी खाली येईल?" तो म्हणाला.

"सीट न्हाई, गाडीच खाली आणायची. उंच कराया येती, तर खाली काहून येणार न्हाई?"

विजयकुमार हसला, पण त्याने पुन्हा एकदा काठी लावून पाहिली. दुसऱ्या दिवशी तो आणि पुनम मला घेऊन कनेरगाव नाक्याला गेले. मनकर्णाबाईंना कुणी काही सांगितलं नाही. जमलं नाही, तर त्यांना पुन्हा वाईट वाटेल, म्हणून.

वाशीमच्या रस्त्यावर, ढाब्यांच्या ओळीत, सटवाजी मिस्त्रींची पत्र्याची शेड आहे. ते कमानींचंच काम करतात. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि कपाळावर हात मारला. "लोकं येतात गाडी उंच कराया. पाटा वाढवा, माल जास्ती भरायचाय म्हणतात. खाली करा म्हणणारे तुमीच पहिले."

ढाब्यावर चहा पिणारा एक ड्रायव्हर ओरडला, "म्हातारपणी शौक आला का हो गाडीला?" सगळे हसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जन्मभर ताठ नाकाने फिरलेली मी, आता मला वाकवणार होते.

सटवाजींनी मला जॅकवर घेतलं, पुढच्या दोन्ही कमानींतले दोन-दोन पाटे काढले आणि मला खाली ठेवलं. मी खरोखरच खाली आले. पुनमने काठी लावली आणि टाळी वाजवली. पण आम्ही हिंगोलीच्या अलीकडे पोचतो न पोचतो, तोच पहिल्या गतिरोधकावर "धाड्!" असा आवाज झाला. माझा एक्सल वरच्या रबरावर आदळला होता. वळणावर चाक मडगार्डला घासू लागलं. जरा कुठे खड्डा आला की मी बेडकासारखी उड्या मारत होते.

विजयकुमारने गाडी बाजूला घेतली. "झालं! असल्या गाडीत मायला बसवलं तर तिचं दुसरं हाड मोडायचं. राहू दे पुनम. ते गिऱ्हाईक परवा येणारच हाय."

पुनमने पदराने घाम पुसला. "एक डाव परत जाऊ," ती म्हणाली. "चुकलं ते मिस्त्रीला सांगाया तर पाहिजे."

आम्ही तसेच उड्या मारत नाक्यावर परत आलो. सटवाजींनी माझ्या खाली सरपटत जाऊन पाहिलं आणि बाहेर येऊन ते खो-खो हसले. "माजंच चुकलं, ताई. काढायची व्हती उंची, अन् म्या काढली ताकद. पाटा कमी केला की गाडी कमजोर होती. आता बराबर करतो."

त्यांनी काढलेले पाटे परत आणले. कमानी पूर्ण सुट्या केल्या आणि एकेक पाटा दाबाच्या यंत्राखाली धरून त्याचा बाक हळूहळू कमी केला. "भट्टीत लाल केलं तर काम लवकर व्हईल," ते विजयकुमारला म्हणाले, "पण मंग पोलादाची ताकद जाती. थंडच दाबावं लागतं, तकलीफ झाली तरी." पाटे सगळे तेवढेच राहिले, फक्त त्यांचं धनुष्य सरळ होत आलं. दिवसभर ओझं वाहून आल्यावर पाठ टेकावी, तसं मला वाटलं. मग त्यांनी वर आदळणारं रबर बदलून आखूड बसवलं, मडगार्डची कड आत वळवली, आणि धक्के झेलणारे दोन्ही शॉकअप नवे टाकले. दुसऱ्या दिवशी दुपारनंतर मी जमिनीवर आले तेव्हा चार बोटं खाली होते.

"अजून एक बोट हाय," पुनम काठी बघत म्हणाली.

सटवाजींनी सीटवर टाकलेली जादा गादी उचलली आणि तिला दाखवली. "हे घ्या तुमचं एक बोट."

त्या दिवशी परतताना मी प्रत्येक गतिरोधक लोण्यासारखा ओलांडला. फक्त एक गोष्ट राहून गेली होती. नाक खाली आल्यामुळे माझे दिवे रस्त्याऐवजी मातीकडे बघत होते. समोरून येणाऱ्या एका म्हशीला मी फक्त तिच्या खुरांवरून ओळखलं. विजयकुमारने घरी आल्यावर पान्याने दिवे वर केले.

इकडे वस्तीवर मनकर्णाबाईंनी दोन दिवस माझी रिकामी जागा पाहिली होती. त्यांना वाटलं, मला विकलं. मी अंगणात शिरले तेव्हा त्या काठी टेकत पुढे आल्या आणि मला निरखून बघू लागल्या.

"हिला काय झालं? हिचे बी गुडघे गेले का?"

"बसून बघा, आत्या," पुनम म्हणाली आणि तिने दार उघडलं.

"मला कुणी हात लावायचा न्हाई."

"न्हाई लावत."

मित्रांनो, सगळं अंगण माझ्या दाराभोवती गोळा झालं. संतराम तर दुसरीकडे बघत उभे राहिले. त्यांना बघवत नव्हतं. मनकर्णाबाईंनी माझ्याकडे पाठ केली. एक हात दाराला धरला. मागे सरकल्या. आणि टेकल्या. क्षणभर तशाच बसल्या, जणू खात्री करून घेत होत्या. मग दोन्ही हातांनी दुखरा पाय उचलला, आत घेतला. दुसरा पाय आत घेतला. समोर वळल्या. खिडकीत कोपर ठेवलं.

आणि त्यांनी आवाज चढवला, अगदी पूर्वीसारखा. "आता बघत काय उभे राहिले? दार लावा की! विज्या, हाक गाडी!"

"कुठं जायचं, माय?"

"कुठं बी! आदी मेंढरांकडं चल. म्या मरून गेले असं वाटत असंल त्यांला."

तेवढ्यात एक माणूस मोटारसायकलवरून अंगणात आला. विजयकुमारने बोलावलेलं ते गिऱ्हाईक एक दिवस आधीच आलं होतं. तो माझ्याभोवती फिरू लागला, टायरांना लाथा मारू लागला.

"काय पायजे?" मनकर्णाबाईंनी खिडकीतून विचारलं.

"गाडी बघाया आलो, बाई. इकायची हाय ना?"

"कोण म्हणलं? म्या बसलेली दिसत न्हाई का?"

तो माणूस गोंधळला. त्याने माझ्या नाकाकडे पाहिलं आणि मान हलवली. "पुढनं तर बसलेलीच हाय. असली गाडी मला नको बा."

"मंग व्हा बाजूला. आमाला जायाचं हाय!" बाई म्हणाल्या. विजयकुमार इतका हसला की त्याच्या हातून इंजिन दोनदा बंद पडलं.

बारशाला आम्ही सगळे गेलो. पुसेगावात मला पाहताच अंजलीच्या सासरची माणसं धावत आली आणि उचलायच्या तयारीने बाह्या सारू लागली. "दूर सरा," मनकर्णाबाई म्हणाल्या. त्यांनी पाय बाहेर काढले, जमिनीवर टेकवले, काठी मागितली आणि त्या उभ्या राहिल्या. अंजली दारातच रडायला लागली. "रडती काहून? लेकरू कुठं हाय?" असं म्हणत त्या आत गेल्या. नातीचं नाव सृष्टी ठेवलं. तिला पहिल्यांदा घोंगडीवर ठेवलं ते आजीनेच. लोकर टोचली की काय, पोरीने असा सूर लावला की बाहेर उभी असलेली मीही दचकले. "आवाज माज्यावर गेलाय," असं आजी अभिमानाने सगळ्यांना सांगत होत्या.

त्यानंतर माझी कामं पुन्हा सुरू झाली. पहिल्याच बाजाराला एक गंमत झाली. माझं नाक खाली आणि पाठ वर, त्यामुळे हौद्यातली सगळी मेंढरं घसरत घसरत पुढे आली आणि मनकर्णाबाईंच्या मागच्या जाळीला नाकं लावून उभी राहिली. मग संतरामांनी चाऱ्याचे भारे मागच्या बाजूला ठेवले. वजन मागे पडलं की मी अगदी सरळ होते. नांगरलेल्या रानात मात्र मी आता जात नाही. तिथे पोट घासतं. ते काम बैलगाडी करते, आणि मला त्याचं वाईट वाटत नाही. ढाब्यावरचे ड्रायव्हर अजून हसतात. हसू देत.

शेजारच्या वस्तीवर यशोदाबाई राहतात. त्यांचे गुडघे कामातून गेलेले. त्याही बरेच दिवस घराबाहेर पडल्या नव्हत्या. एका बाजाराच्या दिवशी सकाळी त्या रस्त्याच्या कडेला पिशवी घेऊन उभ्या दिसल्या. विजयकुमारने गाडी थांबवली.

"मला बी बसता येतं का, बघू दे," त्या म्हणाल्या.

दार उघडलं. त्यांनी पाठ केली, टेकल्या, वळल्या. बसल्या! आता पुढे ड्रायव्हर धरून तिघांचीच जागा. खिडकी कुणाची, यावरून दोघींचं तिथल्या तिथे भांडण जुंपलं. शेवटी जाताना एकीने आणि येताना दुसरीने बसायचं ठरलं. बिचारे संतराम फेटा सावरत मागे हौद्यात मेंढरांमध्ये जाऊन उभे राहिले.

मित्रांनो, आम्हा जुन्या गाड्यांना फार काही लागत नाही. चिखलातून आलो की चाकं धुवा. कमानींना वेळेवर तेल द्या. आणि एखादी जुनी वस्तू निरुपयोगी झाली असं वाटलं, तर ती काढून टाकण्याआधी एकदा तिच्याजवळ बसा, तिला थोडं बदलता येतं का ते बघा. तुमच्या घरातही कुणी दारात बसून रस्त्याकडे बघत असेल. त्यांना उचलू नका. त्यांना जिथे जायचं आहे, तेच थोडं त्यांच्याजवळ आणा.

आता मला निघायला हवं. बाजाराचा दिवस आहे, आतून दोघी एकदम ओरडून राहिल्या आहेत, आणि संतराम कधीचे मागे उभे आहेत.